मोफत संगीत डाउनलोड : कायदा, तंत्र आणि श्रोत्याची सोय

नवी दिल्ली : एखादे गाणे मोफत ऐकता येणे आणि ते मोफत स्वतःजवळ ठेवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भ्रमणध्वनीवर जाहिरातींसह गाणी ऐकविणाऱ्या सेवा आज कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचल्या आहेत. मात्र कायद्याने पूर्णपणे मुक्त झालेली किंवा कलावंताने स्वखुशीने मोफत दिलेली फाइल शोधणे, ती उतरवून घेणे आणि पुढे वर्षानुवर्षे वापरणे अजूनही सामान्य श्रोत्याला अवघड जाते. त्याला योग्य वाट सापडत नाही, तेव्हा तो फसव्या जाहिरातींनी भरलेल्या बेकायदा संकेतस्थळांकडे वळतो. त्यात नुकसान कलावंताचे होते, श्रोत्याचे होते आणि जुन्या संगीताच्या जतनाचेही होते.

मोफत डाउनलोड सोपे करण्याचा प्रश्न तांत्रिक वाटला तरी त्याचे मूळ हक्क आणि माहिती या दोन गोष्टींत आहे. गाण्यावर कोणाचा हक्क आहे, तो केव्हा संपतो आणि फाइलसोबत कोणता तपशील यायला हवा, हे स्पष्ट असेल तर उरलेले काम संगणकासाठी किरकोळ असते.

'मोफत' या शब्दाचे अर्थ

संगीताच्या संदर्भात 'मोफत' हा शब्द किमान चार अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ, पैसे न देता ऐकणे. यात गाणे सेवेच्या सर्व्हरवरच राहते आणि श्रोत्याला केवळ त्याचा प्रवाह मिळतो. दुसरा अर्थ, इंटरनेट नसतानाही ऐकता यावे म्हणून ॲपमध्ये गाणे साठविणे. बोलीभाषेत यालाही डाउनलोड म्हणतात. परंतु ही फाइल सहसा कुलूपबंद असते, त्या ॲपबाहेर ती वाजत नाही आणि वर्गणी संपली की निरुपयोगी होते. तिसरा अर्थ, कलावंताने किंवा हक्कधारकाने परवाना देऊन उपलब्ध करून दिलेली खरी फाइल. चौथा अर्थ, स्वामित्व हक्काची, म्हणजेच कॉपीराइटची, मुदत संपल्यामुळे कोणाच्याही परवानगीविना वापरता येणारे ध्वनिमुद्रण. श्रोत्याच्या हाती कायमची प्रत देणारे प्रकार शेवटचे दोनच असून प्रस्तुत लेखाचा विषय प्रामुख्याने तेच आहेत.

डाउनलोडचा पूर्वेतिहास

संगीत इंटरनेटवरून पाठविणे शक्य झाले ते ध्वनीचा आकार लहान करणाऱ्या तंत्रामुळे. सीडीवरील साडेतीन मिनिटांचे गाणे सुमारे ३७ मेगाबाइट जागा घेते. तेच गाणे एमपी३ स्वरूपात १२८ किलोबिट दराने साठविले तर साधारण साडेतीन मेगाबाइटमध्ये मावते. मानवी कानाला सहसा न जाणवणारा ध्वनीचा भाग वगळून ही बचत साधली जाते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचा या तंत्राच्या विकासात मोठा वाटा होता. त्यावरील पेटंटची मुदत टप्प्याटप्प्याने संपत गेली आणि एप्रिल २०१७ मध्ये संस्थेने आपला परवाना कार्यक्रम बंद केला. तेव्हापासून एमपी३चा वापर सर्वांसाठी खुला आहे.

जून १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या नॅपस्टर या सेवेने लोकांच्या संगणकांतील गाणी एकमेकांना थेट उपलब्ध करून दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दावा दाखल केला आणि जुलै २००१ मध्ये मूळ नॅपस्टर बंद पडले. श्रोत्यांना ओढून घेणारी गोष्ट केवळ फुकटेपणाची नव्हती. हवे ते एकच गाणे, हव्या त्या वेळी, काही मिनिटांत मिळत होते. दुकानातील संपूर्ण सीडीने ही सोय कधी दिली नव्हती. एप्रिल २००३ मध्ये ॲपलने ९९ सेंटला एक गाणे विकण्यास आरंभ केला आणि डाउनलोडचा अधिकृत बाजार उभा राहिला. सुरुवातीला या फाइलींनाही डिजिटल कुलूप होते. २००९ मध्ये ॲपलने संगीतावरील ते काढून टाकले.

ऑक्टोबर २००७ मध्ये रेडिओहेड या ब्रिटिश वाद्यवृंदाने 'इन रेनबोज' हा संग्रह 'मनाला येईल ती किंमत द्या' या तत्त्वावर स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला. शून्य ही किंमतही त्यात मान्य होती. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील नाइन इंच नेल्स या वाद्यवृंदाने 'द स्लिप' हा संग्रह मुक्त परवान्याखाली विनामूल्य दिला. नामवंत कलावंतही मोफत डाउनलोड हे प्रसाराचे साधन म्हणून वापरू शकतात, हे या दोन प्रयोगांनी दाखविले. त्यानंतरच्या दशकात स्ट्रीमिंगचा जम बसला आणि डाउनलोड मागे पडले. मालकीची जागा तात्पुरत्या प्रवेशाने घेतली.

भारतीय कायद्यातील तीन स्तर

भारतात या विषयाचे नियमन स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ अन्वये होते. एका ध्वनिमुद्रित गाण्यात कायद्याच्या दृष्टीने तीन स्वतंत्र कृती असतात : शब्द, संगीतरचना आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. शब्दांवरील हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. संगीतरचनेबाबत हाच नियम संगीतकाराला लागू होतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क मात्र ते प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो. त्यामुळे १९६५ मध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपतो.

शब्द आणि संगीतरचनेची मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांचे निधन १९४१ मध्ये झाले असल्याने त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. त्या पार्श्वभूमीवर कायद्यात दुरुस्ती करून मुदत ६० वर्षे करण्यात आली आणि ठाकूर यांचे साहित्य २००१ अखेर मुक्त झाले.

तीन स्तरांचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. 'मुघल-ए-आझम' हा चित्रपट १९६० मध्ये प्रदर्शित झाला. त्या वर्षी निघालेल्या त्याच्या ध्वनिमुद्रिकांवरील हक्काची मुदत २०२० अखेर संपली. परंतु गीतकार शकील बदायुनी यांचे निधन १९७० मध्ये झाल्याने शब्दांची मुदत २०३० अखेरपर्यंत आहे. संगीतकार नौशाद २००६ मध्ये निवर्तले. त्यामुळे संगीतरचना २०६६ अखेरपर्यंत संरक्षित आहे. तबकडी मुक्त, पण गाणे बंधनात, अशी ही स्थिती आहे. जुन्या चित्रपटगीतांची फाइल 'साठ वर्षे झाली' एवढ्याच आधारावर कोणी सर्वांसाठी खुली करू लागला तर तो अडचणीत येऊ शकतो.

याउलट मराठी रंगभूमीवरील काही जुन्या पदांचे तिन्ही स्तर मोकळे झाले आहेत. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान' या नाटकाचे लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये, तर त्याला संगीत देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये निवर्तले. शब्दांची मुदत २००८ अखेर आणि संगीताची २०१५ अखेर संपली. त्यामुळे या पदांची साठ वर्षांपूर्वी प्रकाशित झालेली जुनी ध्वनिमुद्रिका भारतात कोणीही डिजिटल स्वरूपात आणून विनामूल्य वाटू शकतो. तिच्यावर अलीकडे संस्करण करून काढलेल्या नव्या आवृत्तीवर मात्र वेगळा हक्क सांगितला जाऊ शकतो. म्हणून मूळ तबकडीवरून केलेले रूपांतर हाच निर्धोक मार्ग ठरतो.

२०१२ च्या दुरुस्तीने दोन महत्त्वाचे बदल झाले. गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा सुरक्षित झाला. तसेच हक्क सोडून देऊ इच्छिणाऱ्या निर्मात्याला निबंधकांकडे सूचना देण्याच्या आधीपासूनच्या मार्गाखेरीज जाहीर सूचनेद्वारेही तो सोडण्याची सोय झाली. आपली रचना सर्वांना मोफत मिळावी असे वाटणाऱ्या संगीतकारासाठी हा अधिकृत मार्ग उपलब्ध आहे.

ॲपमधील साठवण आणि न्यायालय

ॲपमधील 'डाउनलोड' म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा विचार मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स इंडस्ट्रीज आणि विंक म्युझिक यांच्यातील वादात केला. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीला ठरावीक दराने गाणी वापरण्याची मुभा देणारे कायद्याचे ३१-ड हे कलम इंटरनेटवरील सेवांनाही लागू होते, असा सेवेचा दावा होता. एकसदस्यीय पीठाने २०१९ मध्ये तो फेटाळला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने तोच निर्णय कायम ठेवला. श्रोत्याच्या उपकरणावर गाणे साठवू देणे हे केवळ प्रसारण नसून विक्री किंवा व्यावसायिक भाडेपट्ट्याच्या स्वरूपाचे आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. म्हणजेच डाउनलोडसाठी हक्कधारकाशी स्वतंत्र करार आवश्यक ठरतो. परवाना न मिळालेली गाणी कोणतीही अधिकृत सेवा श्रोत्याला जपून ठेवायला देऊ शकत नाही, यामागे हेच कारण आहे.

मुक्त परवाने

हक्काची मुदत संपण्याची वाट न पाहता संगीत खुले करण्याची पद्धत क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने रूढ केली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये पहिले परवाने प्रसिद्ध केले. या परवान्यांत कलावंत आपला हक्क स्वतःकडे ठेवतो, पण काही वापरांना आगाऊ परवानगी देतो. श्रेय द्यावे, व्यापारी वापर करू नये, मूळ कृतीत बदल करू नये आणि बदललेली कृती त्याच परवान्याखाली द्यावी, या चार अटींच्या वेगवेगळ्या जुळणीतून सहा परवाने तयार होतात. याखेरीज सर्व हक्क सोडून देण्यासाठी 'सीसी शून्य' नावाचे वेगळे साधन आहे.

या साधनाचा लक्षणीय वापर २०१२ मध्ये झाला. पियानोवादक किमिको इशिझाका यांनी योहान सेबास्टियन बाख यांच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चे नवे ध्वनिमुद्रण लोकवर्गणीतून करून ते सर्व हक्क सोडून जगासाठी खुले केले. बाख यांची रचना कधीच मुक्त झालेली होती, पण तिची उत्तम ध्वनिमुद्रणे कंपन्यांच्या हक्कात होती. आधी खर्च गोळा करायचा आणि नंतर फाइल सर्वांना द्यायची, या रीतीने वादकाचे मानधन आणि श्रोत्याची सोय या दोहोंचा मेळ घालता येतो, हे या उपक्रमातून दिसले. रागसंगीतात पारंपरिक बंदिशी मोठ्या संख्येने उपलब्ध असल्याने ही रीत भारतीय संगीतालाही लागू पडण्यासारखी आहे.

मुक्त परवान्याची गाणी एकत्र देणाऱ्या संकेतस्थळांत लक्झेंबर्गमधील जमेंडो आणि अमेरिकेतील फ्री म्युझिक अर्काइव्ह ही नावे ठळक आहेत. डब्ल्यूएफएमयू या नभोवाणी केंद्राने २००९ मध्ये सुरू केलेले फ्री म्युझिक अर्काइव्ह निधीअभावी २०१८ मध्ये बंद होण्याच्या उंबरठ्यावर होते. नंतर ते दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि टिकले. बँडकॅम्पवर कलावंत स्वतः किंमत ठरवितो आणि ती शून्यही ठेवू शकतो. तेथे श्रोत्याला एमपी३पासून फ्लॅकपर्यंत हवे ते स्वरूप निवडता येते. मोफत संगीताचा साठा चालविण्यालाही खर्च असतो आणि तो कोणीतरी सोसावाच लागतो, हे फ्री म्युझिक अर्काइव्हच्या अनुभवातून स्पष्ट होते.

अमेरिकेतील दोन अनुभव

कायदा बदलल्यावर श्रोत्याची सोय किती वेगाने वाढते, याचे उदाहरण अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने घालून दिले. या ग्रंथालयाने २०११ मध्ये 'नॅशनल ज्यूकबॉक्स' नावाचा जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह इंटरनेटवर आणला. त्यातील दहा हजारांहून अधिक मुद्रणे ऐकता येत होती, पण उतरवून घेता येत नव्हती. १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणे तेव्हा वेगवेगळ्या राज्यांच्या कायद्यांखाली येत असल्याने शंभर वर्षांपूर्वीची तबकडीही मुक्त मानली जात नव्हती. ऑक्टोबर २०१८ मध्ये संगीत आधुनिकीकरण कायदा संमत झाला. त्यानुसार १९२३ पूर्वीची सर्व ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी एकाच दिवशी मुक्त झाली आणि ज्यूकबॉक्समधील त्या काळातील मुद्रणे डाउनलोडसाठी खुली झाली. १९२३ ते १९४६ मधील मुद्रणे आता शंभर वर्षे पूर्ण होतील तशी दर वर्षी मुक्त होत आहेत.

दुसरा अनुभव सावध करणारा आहे. इंटरनेट अर्काइव्ह या ना-नफा संस्थेने 'ग्रेट ७८' या प्रकल्पाखाली ७८ फेऱ्यांच्या लक्षावधी ध्वनिमुद्रिका डिजिटल स्वरूपात आणण्याचे काम हाती घेतले. एकाच तबकडीचे चार वेगवेगळ्या आकारांच्या सुयांनी मुद्रण करण्याची काटेकोर पद्धत त्यात वापरली गेली. परंतु संग्रहातील काही गाणी अद्याप हक्काखाली असल्याचे सांगत मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये दावा दाखल केला. २०२५ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. तिच्या अटी जाहीर करण्यात आल्या नाहीत. जतनाचा हेतू चांगला असला तरी हक्काची तपासणी आधी झाली नाही, तर मुक्त आणि बंधनातील दोन्ही प्रकारचे संगीत एकत्र धोक्यात येते.

हक्काची मुदत देशागणिक बदलते, ही आणखी एक अडचण आहे. युरोपीय महासंघात प्रकाशित ध्वनिमुद्रणाचे संरक्षण ७० वर्षांचे आहे, भारतात ६० वर्षांचे, तर अमेरिकेत प्रकाशनाच्या काळानुसार त्याहून बरेच अधिक असू शकते. भारतात मुक्त असलेली तबकडी लंडन किंवा न्यूयॉर्कमधील मराठी श्रोत्यासाठी मुक्त असेलच असे नाही.

फाइलने आपले नाव सांगावे

भारतातील ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळातील एक प्रथा या विषयाशी थेट जोडलेली आहे. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. गाणे संपताच गायिका आपले नाव इंग्रजीत उच्चारत असे. मुद्रणाचे साचे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात आणि तेथील कामगारांना आवाजावरून गायिका ओळखता येणे शक्य नव्हते, म्हणून ही तजवीज होती. कोलकात्यात तबकड्या तयार करण्याचा कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला.

डिजिटल फाइललाही याच तजविजीची गरज असते. एमपी३ फाइलमध्ये गाण्याचा तपशील नोंदविण्यासाठी १९९६ मध्ये आयडी३ ही पद्धत आली. तिच्या पहिल्या आवृत्तीत सर्व तपशिलासाठी केवळ १२८ बाइट होते. शीर्षकाला ३० आणि गायकाच्या नावाला ३० अक्षरांची मर्यादा होती आणि देवनागरी लिपीची सोय नव्हती. १९९८ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून युनिकोडचा वापर शक्य झाला. तरीही भारतीय गाण्यांच्या असंख्य फाइलींवर आजही 'ट्रॅक ०१' अशी किंवा चुकीच्या रोमन स्पेलिंगची नोंद आढळते.

अभिजात संगीतात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. पाश्चात्त्य नमुन्यावर बेतलेल्या तपशीलपत्रकात गाणे, गायक, संग्रह आणि वर्ष असे रकाने असतात. राग, ताल, बंदिश, घराणे, साथीदार, नाटकाचे नाव यांना जागा नसते. कलावंताची एकाहून अधिक नावे ही आणखी एक गुंतागुंत आहे. नारायण श्रीपाद राजहंस आणि बालगंधर्व एकच, रामभाऊ कुंदगोळकर आणि सवाई गंधर्व एकच, हे जाणकार श्रोत्याला ठाऊक असते. शोधयंत्राला ते सांगावे लागते. नोंद एका नावाने असेल आणि श्रोता दुसऱ्या नावाने शोधत असेल, तर साठ्यात असलेली फाइलही त्याच्यासाठी नसल्यासारखीच होते. म्युझिकब्रेन्झसारखे खुले माहितीकोश एका कलावंताच्या अनेक नावांची आणि अनेक लिप्यांतील नोंदींची सोय करतात. त्यात भर घालण्याचे काम कोणीही स्वयंसेवक करू शकतो.

डाउनलोड सुलभ होण्याच्या अटी

मोफत संगीत देणाऱ्या संस्था आणि कलावंतांचा आजवरचा अनुभव पाहता श्रोत्याची सोय काही ठोस गोष्टींवर अवलंबून असते.

पहिली, परवान्याचा स्पष्ट उल्लेख. गाणे मुक्त का आहे, हे प्रत्येक गाण्याच्या पानावर आणि फाइलच्या आतही लिहिलेले असावे. 'हक्क मुदतबाह्य', 'श्रेय देऊन वापरता येईल', 'व्यापारी वापरास मनाई' अशी सरळ वाक्ये पुरेशी ठरतात.

दुसरी, स्वरूपाची निवड. कमी इंटरनेट आणि कमी जागा असणाऱ्यासाठी एमपी३, तर जतन करणाऱ्यासाठी मूळ ध्वनीतील काहीही न गमावणारे फ्लॅक असे दोन्ही पर्याय हवेत. फ्लॅक फाइल सीडीच्या तुलनेत साधारण निम्मी जागा घेते.

तिसरी, संपूर्ण संग्रह एकाच वेळी उतरविण्याची सोय. वीस पदांसाठी वीस वेळा कळ दाबावी लागणे हे श्रोता मध्येच सोडून जाण्याचे मोठे कारण असते. इंटरनेट अर्काइव्ह प्रत्येक नोंदीसोबत एकत्रित झिप फाइल आणि टॉरेंट उपलब्ध करून देते. टॉरेंट हे तंत्र बेकायदा वाटपामुळे बदनाम झाले असले तरी मुक्त संगीतासाठी ते पूर्णतः वैध आहे आणि तुटलेली जोडणी पुन्हा सुरू झाली की उतरविणे तेथूनच पुढे चालू होते.

चौथी, अनावश्यक नोंदणी टाळणे. मुक्त असलेल्या फाइलसाठी दूरध्वनी क्रमांक किंवा ईमेल मागण्याचे कारण नसते. नोंदणी हवीच असेल, तर कलावंताला आपल्या श्रोत्यांशी संपर्क ठेवता यावा, हा हेतू उघडपणे सांगितला जावा.

पाचवी, फाइलचे नाव आणि तपशील मूळ भाषेत आणि रोमन लिपीत अशा दोन्ही प्रकारे देणे. सहावी, कलावंताला ऐच्छिक मदत पाठविण्याची सोय. मोफत देणे म्हणजे मोबदला नाकारणे नव्हे.

भारतीय तबकड्यांचा ठेवा

भारतातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेपासून बनत. सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांची एक बाजू असलेली ही तबकडी पडली की फुटते आणि प्रत्येक वेळी सुई फिरली की झिजते. त्यांचे जतन प्रामुख्याने खासगी संग्राहकांनी केले. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने अशा संग्राहकांना एकत्र आणले आणि 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून तबकड्यांच्या सूची व कलावंतांची माहिती प्रसिद्ध केली. बेंगळुरूतील अर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिकने जुन्या मुद्रणांचा मोठा साठा श्रोत्यांसाठी इंटरनेटवर आणला आहे. नवी दिल्लीतील संगीत नाटक अकादमी, गुरुग्राममधील अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे ध्वनिसंग्रहालय आणि आकाशवाणी यांच्याकडेही समृद्ध संग्रह आहेत.

ब्रिटिश लायब्ररीच्या एन्डेंजर्ड अर्काइव्हज प्रोग्रॅमच्या साहाय्याने 'ओडियन' आणि मुंबईच्या 'यंग इंडिया' या लेबलांच्या भारतीय तबकड्यांचे डिजिटल रूपांतर झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला आणि त्याच्या ऑनलाइन सेवा दीर्घकाळ विस्कळीत झाल्या. ध्वनिसंग्रहाचे संकेतस्थळही बंद पडले. पुढल्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटरनेट अर्काइव्हवर हल्ला होऊन ते काही दिवस बंद राहिले. दोन मोठ्या संस्थांवर एका वर्षाच्या अंतराने ओढवलेल्या या प्रसंगांनी डाउनलोडचे एक दुर्लक्षित मोल पुढे आणले. एकाच सर्व्हरवरून ऐकविले जाणारे गाणे तो सर्व्हर थांबला की थांबते. हजारो श्रोत्यांकडे प्रती असलेले गाणे टिकते. गुरुकुलात आणि घराण्यांत बंदिशी अनेक कंठांत राहिल्यामुळे टिकल्या. फाइलच्या बाबतीतही न्याय तोच आहे.

यातील मोठी उणीव आहे ती सार्वजनिक नोंदवहीची. कोणती भारतीय तबकडी कोणत्या वर्षी निघाली, गीतकार व संगीतकार कोण आणि कोणता हक्क केव्हा संपला, याची सर्वांना पाहता येईल अशी एकत्रित अधिकृत सूची नाही. स्वामित्व हक्काची नोंदणी भारतात ऐच्छिक असल्याने सरकारी नोंदवहीतूनही हे चित्र पूर्ण होत नाही. परिणामी कायद्याने मुक्त झालेली मुद्रणेही संस्था साशंकतेपोटी केवळ वाचनकक्षात ऐकवितात किंवा इंटरनेटवर ऐकण्यापुरती ठेवतात. प्रकाशनाचे वर्ष शोधण्यासाठी संग्राहकांनी जमविलेल्या जुन्या कंपनी-सूची आणि तबकडीवरील क्रमांक हाच आधार उरतो.

श्रोत्याने घ्यावयाची खबरदारी

नव्या चित्रपटाची गाणी विनामूल्य उतरवून देण्याचे आमिष दाखविणारी संकेतस्थळे हक्कधारकांच्या परवानगीविना चालतात. जाणूनबुजून हक्कभंग करणे किंवा त्यास साहाय्य करणे हा अधिनियमाच्या कलम ६३ खाली गुन्हा असून त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कलम ५२ मध्ये खासगी वापर व संशोधनासाठी न्याय्य वापराची मुभा आहे. परंतु गाण्यांचा साठा लोकांपुढे मांडणाऱ्याला तिचा आधार मिळत नाही.

कायद्याइतकाच धोका संगणक आणि भ्रमणध्वनीच्या सुरक्षेचा आहे. गाण्याची फाइल सहसा एमपी३, फ्लॅक, ओजीजी, एम४ए किंवा डब्ल्यूएव्ही या प्रकारची असते. गाणे मागितले असता एखादे ॲप, ईएक्सई किंवा एपीके फाइल उतरू लागली, तर ती उघडू नये. एकाच पानावर डाउनलोडच्या अनेक चमकत्या कळा असतील, तर त्यांतील बहुतेक जाहिराती असतात. गाणे ऐकण्यासाठी संपर्कयादी किंवा लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागणारे ॲप संशयास्पद समजावे. उतरविलेल्या मुक्त संगीताची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवणे आणि परवान्याचा मजकूरही सोबत जपून ठेवणे हितावह असते.

दर वर्षी १ जानेवारीला भारतातील ध्वनिमुद्रणांचे आणखी एक वर्ष हक्कातून मुक्त होते. अमेरिकेत या दिवसाची दखल ग्रंथालये घेतात आणि नव्याने मुक्त झालेल्या कृतींच्या याद्या प्रसिद्ध करतात. भारतात मुदत तशीच संपते, पण कोणती गाणी पूर्णपणे मोकळी झाली हे श्रोत्याला कळत नाही. तोपर्यंत तबकड्या झिजत राहतात आणि त्यांची माहिती असलेले संग्राहक वयोवृद्ध होत जातात. मुक्त झालेल्या संगीताची विश्वासार्ह यादी, तपशिलासह तयार केलेली फाइल आणि ती विनासायास उतरविण्याची सोय, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच कायद्याने दिलेले हे स्वातंत्र्य श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचेल.